ताईचा टाक

आनंदीवहिनींच्या देवघरातला टाक गेला त्याला आता वर्ष होत आलं, पण मी अजून सावरलेले नाही. आमचे हे म्हणतात, शोभना, तुझं त्यात काय गेलं? माझं काही गेलं नाही, कबूल. पण चांगल्या शिकल्यासवरलेल्या, आईवर जीव टाकणाऱ्या मुलाने असं काही करावं आणि वर विधिपूर्वक केलं म्हणून सांगावं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं नसतं तर कुणी शपथेवर सांगूनही मला खरं वाटलं नसतं.

वहिनी म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. मी मूळची साताऱ्याची. यांना इथल्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून इंदुरात आले आणि दोनतीन वर्षांत परत जाऊ म्हणता म्हणता इथेच म्हातारी झाले. वहिनी मात्र अस्सल इथल्या. त्यांच्या सासरचे पूर्वज होळकरांच्या पागेत होते. आता त्या घरात घोडा उरला तो फक्त देवघरात, खंडोबाच्या टाकावर. त्यांचे यजमान जयसिंगराव सियागंजात एका हार्डवेअरच्या दुकानात आयुष्यभर नोकरीला होते, आणि त्या माणसाने कुणावर तलवार सोडाच, आवाजसुद्धा कधी चढवला नाही.

आमची ओळख झाली ती एका साडीवरून. मी नवीन होते, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वहिनींच्या भावाने त्यांना साडी आणली होती. ती घडी तशीच घेऊन त्या देवघरापुढे बसल्या. देवघरात खंडोबाचा टाक, भवानीचा टाक, दोनतीन पूर्वजांचे टाक, म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उमटवलेल्या आकृत्या, ओळीने उभ्या. कडेच्या टाकावर पदर घेतलेली एक बाई होती. वहिनींनी साडी तिच्यापुढे ठेवली, घडीला हळदकुंकू लावलं आणि शेजारणीशी बोलावं तसं म्हणाल्या, "ताई, बघा. रंग जरा भडक आहे, पण भावाने हौसेने आणलीय."

"ही कोणती देवी?" मी विचारलं.

"देवी नाही जी. माझी सवत आहे," असं म्हणून वहिनी तिळगूळ आणायला आत गेल्या.

 परत आल्यावर त्यांनीच समजावलं. पहिली बायको गेली आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं, की त्यांच्याकडे काही घरांत पहिलीचा टाक करतात. दुसरीने त्याची पूजा करायची. नवी साडी आधी तिला दाखवायची, सणाचं ताट आधी तिच्यापुढे ठेवायचं, मग आपण. काही घरांत तर दुसरी तो टाक गळ्यात घालते. माझ्या तोंडाला आवर नाही. मी फाडकन बोलून गेले, की वा, पुरुषांची सोय छान आहे, मेल्यावरही सवत मानगुटीवरून उतरायला नको. वहिनी हसल्या. म्हणाल्या, "मानगुटीवर कशाची? तिच्या घरात मी आले ना, ती माझ्या घरात थोडीच आली?" त्या उत्तराने मला कायमचं जिंकलं.

पहिलीचं नाव इंदुमती. बाळंतपणातून उठली ती खंगतच गेली. तिचा मुलगा अंकुर रांगतही नव्हता तेव्हा ती गेली, आणि तो दात येताना चावत होता ते वहिनींचं बोट. तिचे फोटो होते ते माहेरच्यांनी बडोद्याला नेले आणि पुढे येणंजाणंच तुटलं. म्हणजे त्या बाईचं या जगात उरलेलं तोंड म्हणाल तर तो टाक. वहिनींनी लग्न ठरतानाच एक अट घातली होती. या मुलाच्या कानावर ‘सावत्र’ हा शब्द कधी पडता कामा नये. जयसिंगरावांनी ती पाळली, नातेवाइकांनी पाळली, बिल्डिंगीत मला एकटीला माहीत होतं तर मीही पाळली, आणि माझ्यासारखीने एवढी वर्षं तोंड बंद ठेवलं ही काही लहान गोष्ट नाही. अंकुर लहानपणी विचारायचा, ही कोण? वहिनी सांगायच्या, "आपल्या घरची ताई. तुझ्यावर लक्ष ठेवते." मग पोरगं परीक्षेला जाताना खंडोबाला एक आणि ताईला एक असे दोन नमस्कार करून जायचं.

वहिनींना स्वतःचं मूल झालं नाही. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. एक मात्र त्या थट्टेने नेहमी म्हणत, "मी गेले ना, की माझा पण टाक करायचा आणि ताईच्या बाजूला ठेवायचा. इतकी वर्षं मीच बोलून राहिलेय, तेव्हा तरी ती उत्तर देईल."

आता फोनबद्दल. मी फोनला सरसकट शिव्या देणार नाही, कारण माझी सकाळ त्याच्यावर अभंग लावल्याशिवाय होत नाही. वहिनींनी जेजुरी लग्नानंतर एकदाच पाहिली होती, पुढे गुडघ्यांनी पुन्हा जाऊ दिलं नाही. अंकुरने त्यांना फोन घेऊन दिला आणि खंडोबाची आरती लावून दिली. फोन तांब्याला टेकवून त्यांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. तेव्हा फोनमधून देव घरात येत नाही असं मी म्हणणार नाही. येतो. पण त्याच्या मागोमाग त्याच दारातून आणखी कोण कोण आत शिरतं, ते बघायला दारात कुणी नसतं.

अंकुर विजय नगरात कंप्यूटरच्या कंपनीत आहे. बायको श्रेया गुणी मुलगी. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली, सुया झाल्या, दोनदा आशा लागली आणि दोनदा गेली. त्यातच जयसिंगराव गेले. त्या सुमारास कधीतरी अंकुरने उपाय सांगणाऱ्या एखाद्या बुवाचा पहिला व्हिडिओ पाहिला असावा. एक पाहिला की फोन दुसरा पुढे करतो, पंगतीत आग्रह करणाऱ्या यजमानासारखा, नको म्हणायला सवडच देत नाही. असे सगळे बुवा ऐकता ऐकता तो एका गुरुजींवर येऊन थांबला. वय असेल तिशीचं. मागे लाल निळे दिवे लावलेला ॐ, पुढे माईक, बसायला ऑफिसची फिरती खुर्ची. लोक प्रश्न लिहून पाठवतात, हा गडी हिंदीत उत्तरं देतो. चॅनलचं नाव लिहून मी त्याची आणखी जाहिरात करत नाही.

घर हळूहळू बदलायला लागलं. चपलांचं कपाट जिन्यात आलं. फ्रिजने दिशा बदलली, तर त्याचं दार अर्धंच उघडायला लागलं, आणि दुधाचं पातेलं तिरकं करून काढायची कसरत श्रेया शिकली. मला हसू यायचं. पण मग गौरी आल्या. त्यांच्याकडे गौरीला मटणाचा नैवेद्य असतो, पिढ्यान्‌पिढ्यांचा. अंकुर म्हणाला, गुरुजी म्हणतात हे तामसिक आहे, दोष लागतो. वहिनींनी निमूटपणे पनीर केलं. मला म्हणाल्या, "करू दे जी. पोराच्या जिवाला घोर लागलाय. गौरी समजून घेईल. ताईला मात्र पनीर बिलकुल आवडलं नसेल." तेव्हाही आम्ही दोघी हसलो. आज त्या हसण्याचा मला राग येतो.

गेल्या कार्तिकात वहिनी भाचीच्या लग्नाला महूला गेल्या. परत आल्या त्या संध्याकाळी अंकुरने त्यांच्या हातात महेश्वरी साडी ठेवली, द्राक्षाच्या रंगाची, बारीक काठाची. वहिनी इतक्या खूश, की दार वाजवून मला दाखवून गेल्या. प्रवासाने आंबून गेले आहे, आता सकाळी अंघोळ करून ताईला दाखवते, म्हणाल्या.

सकाळी त्यांची हाक आली तशी मी चहा टाकून धावले. वहिनी देवघरापुढे साडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खंडोबा होता, भवानी होती, पूर्वज होते. ताई नव्हती. देवघरातलं लाल कापड उन्हाने विटलं होतं. ताई उभी असायची तेवढाच चौकोन अजून लालभडक होता.

"चोर आला असेल का?" वहिनी म्हणाल्या. "पण खंडोबाची चांदी जड आहे, ती नाही नेली त्याने."

श्रेया दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं तर तिने मान खाली घातली. "अंकुरला विचारा ना, मावशी," एवढंच म्हणाली आणि ऑफिसला निघून गेली. वहिनींनी दिवसभर अन्नाला हात लावला नाही.

अंकुर संध्याकाळी आला. हातपाय धुता धुता म्हणाला, "हां आई, वो मी सांगणारच होतो. त्या टाकाचा कोपरा उडालेला होता ना? खंडित वस्तू देवघरात नाही ठेवत. मी आणि श्रेया मानपूरचा घाट उतरून खलघाटला गेलो, नर्मदाजीमध्ये विसर्जन करून आलो. पूरे विधीने केलं, टेन्शन नका घेऊ. मग तिकडूनच महेश्वरला जाऊन तुमची साडी घेतली."

 मी वहिनींकडे पाहिलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि पोळ्या लाटायला गेल्या. मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, आत्ताच्या आत्ता सांगा त्याला, कुणाला बुडवून आलाय ते. कळू दे त्याला.

"नाही," वहिनी म्हणाल्या. लाटणं थांबलं नाही. "बिलकुल नाही सांगायचं. त्याला काय माहीत? अनजाने में झालं ते. आपल्या हाताने आईला पाण्यात सोडलं असं कळलं, तर पोराला जन्मात सुखाचा घास नाही लागणार. तुम्हाला माझी शपथ आहे, शोभनाजी."

मी थक्क झाले. ज्या बाईशी ही अर्धं आयुष्य बोलली ती बाई नदीच्या तळाला गेली होती, आणि हिला काळजी कशाची, तर पोराला घास लागेल की नाही याची. मी तवा ठेवला आणि पोळ्या भाजायला लागले. 

पुढचे तीनचार दिवस वहिनी पूजा करायच्या ती घाईघाईने, त्या लाल चौकोनाकडे न बघता. मग एक दिवस दुपारी आम्ही त्यांच्याकडे मेथी निवडत बसलो होतो, तर माझ्या फोनवर श्रेयाचा मेसेज आला. एक व्हिडिओ, आणि खाली लिहिलेलं, "मावशी, मी नको म्हटलं होतं. मला आता सहन नाही होत. तुम्ही बघा." मी वहिनींना सांगितलं, त्या गुरुजींचा दिसतोय. वहिनी म्हणाल्या, "लावा की. कोण भिया, कोण दादा आहे तो, मला पण बघू द्या." मी फोन मेथीच्या जुडीला टेकवला आणि आवाज मोठा केला.

आधी तो दिव्यांचा ॐ दिसला, मग खुर्ची, मग पडद्यावर एकदम ताई आली. अख्ख्या पडद्यावर. टाकाचा फोटो काढून कुणीतरी पाठवला होता. वहिनींचे हात आपोआप जोडले गेले. "अगं बाई, ताई," त्या म्हणाल्या, इतक्या आनंदाने, की तो सूर माझ्या कानातून जात नाही.

मग गुरुजी वाचायला लागला. "इंदौर से अंकुर जी लिखते हैं, गुरुजी, ये मेरी जन्म देने वाली माँ हैं। मैं बहुत छोटा था तब चली गईं। मुझे दूसरी माँ ने पाला है, उन्हें नहीं पता कि मुझे पता है। वो रोज़ इनकी पूजा करती हैं। हमें संतान नहीं हो रही। क्या कारण यही है?"

गुरुजी खुर्चीत मागे रेलला आणि हसला. खरोखर हसला. "घर में मुर्दा बिठा रखा है," तो म्हणाला, "रोज़ साड़ी दिखाते हो, भोग लगाते हो, और पूछते हो वंश क्यों नहीं बढ़ता। वो अटकी हुई है, तो आने वाला कैसे आएगा? जाइए, बहते पानी में छोड़िए। और जो पूजा करती हैं, उन्हें मत बताइएगा, वो छोड़ने नहीं देंगी।" खाली जोडलेल्या हातांची चित्रं भराभर वर सरकत होती. पाहणाऱ्यांचा आकडा कोपऱ्यात दिसत होता. आमच्या अख्ख्या कॉलनीत तेवढी माणसं नसतील.

मी फोन उचलायला गेले तर वहिनींनी माझा हात धरला. "परत लावा," म्हणाल्या. मी परत लावला. दुसऱ्यांदा त्यांनी हात जोडले नाहीत. संपल्यावर त्यांनी मेथीची काडी हातात घेतली, पानं खुडली, आणि पानं कचऱ्यात टाकून काडी भांड्यात टाकली.

"त्याला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मला कळतं. मुलाला कधीतरी कळणारच होतं. पण घरातल्या घरात दोघांनी एकमेकांना जपण्यासाठी जी गोष्ट तोंडातून काढली नाही, ती त्याने त्या फिरत्या खुर्चीवाल्याला लिहून पाठवली आणि त्या खुर्चीवाल्याने ती हजारो लोकांना वाचून दाखवली. ती ऐकणारी शेवटची माणसं कोण, तर त्याची आई आणि मी.

संध्याकाळी मी निघाले तर वहिनींनी मला जाऊ दिलं नाही. "बसा. मला एकटीला नाही जमणार." श्रेया आली, तिच्या मागोमाग अंकुर आला. वहिनींनी त्याला पाणी दिलं, तो प्यायला, आणि मग त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे, बेटा?"

त्याने ग्लास खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, श्रेयाकडे पाहिलं, आणि त्याला समजलं. "चौथीत होतो," तो म्हणाला. "महूला एका लग्नात कोणी तरी बोलून राहिलं होतं, बिचारा, बिना माँ का बच्चा. मी मागेच उभा होतो. मग ताई कोण ते पण समजलं."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं ना, आई."

माझा बांध फुटला. मी म्हणाले, अरे, माहीत असून? परीक्षेला जाताना जिच्या पाया पडायचास तिला पाण्यात फेकून आलास? ती आई होती हे माहीत असून?

"फेकलं नाही, मावशी. मुक्त केलं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मतलब, ती अडकली होती ना. इतकी वर्षं चांदीत कैद. मी तिच्या भल्यासाठीच केलं. घाटावर बसून मी किती रडलो, श्रेयाला विचारा." आणि ते खरं होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेच मला सगळ्यांत भयंकर वाटलं. दुष्टपणा असता तर त्याला झोडपून काढता आलं असतं. इथे माया होती, अक्कल होती, पदवी होती, आणि तरीही एका परक्या माणसाने सांगितलं म्हणून तो जन्मदात्या आईला घाट उतरून घेऊन गेला होता.

"गुरुजी म्हणाले की तुम्हीच तिला धरून ठेवलंय," तो हळूच म्हणाला. "म्हणून तुम्हाला नाही सांगितलं."

"मी धरून ठेवलं?" वहिनी म्हणाल्या. "मी तर तिला साडी दाखवायची रे."

त्या उठल्या. कपाटातून ती महेश्वरी साडी काढली, घडी न मोडलेली, आणि अंकुरच्या मांडीवर ठेवली. "ही कुणाला दाखवू, ते सांग."

"आई, तुम्ही सरळ नेसा ना. तुमच्यासाठीच आणली."

वहिनी त्याच्यासमोर खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी खाली बसत नाहीत. त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. आवाज अगदी साधा होता, भाजीला काय आणायचं ते सांगताना असतो तसा. "एक ऐक माझं. मी गेले ना, की माझा टाक नको करू."

"आई, काय बोलून राहिल्या तुम्ही? तुमची बात वेगळी आहे."

"आज वेगळी आहे. ती पण वेगळीच होती, तुझ्यावर लक्ष ठेवणारी. उद्या तुला फोनवर कोणी काही सांगेल, आणि तू परत घाट उतरशील. रडत रडत उतरशील, पण उतरशील. नकोच ते."

 श्रेया भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी अंकुरकडे बघत होते. "नाही उतरणार, आई," एवढं म्हणायला त्याला किती वेळ लागला असता? मी वाट पाहिली, वहिनींनी माझ्याहून जास्त पाहिली. तो साडीच्या काठावरून बोट फिरवत राहिला आणि ते काही म्हणाला नाही.